रक्त अर्ध्या सेकंदाने उशिरा

कमी पैशांत बनलेल्या भयपटांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं. "भीती कमी वाटली, हसूच जास्त आलं." बोलणाऱ्याच्या लेखी हे हसू म्हणजे सिनेमा फसल्याची खूण. मला हे अजिबात पटत नाही. त्यातही चार-पाच छोट्या गोष्टी एकत्र गुंफलेले जे अँथॉलॉजी भयपट असतात, त्यांत रक्ताचा सडा आणि काळा विनोद एकत्र येतात ते पैसे कमी पडले म्हणून नाही. या प्रकाराचा जन्मच तसा झालेला आहे.

पॅरिसमध्ये १८९७ साली ग्रँ गिन्योल नावाचं नाट्यगृह सुरू झालं. जुन्या चॅपलच्या जागेत, जेमतेम तीनशे खुर्च्यांचं. तिथे एका संध्याकाळी एकच मोठं नाटक नसायचं. लहान लहान नाटिका व्हायच्या, आणि त्या मुद्दाम आलटून पालटून लावलेल्या असायच्या. एक अंगावर काटा आणणारी, की पुढचं हलकंफुलकं प्रहसन, की पुन्हा गळा चिरणं, डोळे काढणं, आणि तेही पहिल्या रांगेच्या अगदी पुढ्यात. प्रेक्षक हसून सैलावला की पुढचा सुरा जास्त खोल जातो, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. १९६२ साली ते थिएटर बंद पडलं. पण लहान गोष्टी, लहान जागा, मोजकी माणसं, भरपूर रक्त आणि मधे मधे हशा हा सगळा साचा तिथे तयार झालेला होता.

मग त्यात सूत्रधार आला. अमेरिकेत १९५० च्या सुमारास ईसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेच्या भयकथा निघायला लागल्या. त्यांत गोष्ट सांगणारं एक सडकं, सुरकुतलेलं पात्र असायचं. ते प्रेतांवर कोट्या करायचं आणि वाचकाला खुशाल आपल्यात ओढायचं. गोष्टी मात्र हिशोबाच्या पक्क्या. लोभी माणसाचा लोभच त्याला गिळणार, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याच्या दारात तीच बायको मातीने माखलेली उभी राहणार. १९५४ मध्ये कॉमिक्सवर आचारसंहिता आली आणि हा प्रकार गुंडाळावा लागला, पण ती कॉमिक्स वाचून वाढलेल्या पोरांच्या डोक्यातून तो गेला नाही.

त्याच पोरांपैकी दोघांनी, म्हणजे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि भयकथालेखक स्टीफन किंग यांनी, १९८२ साली 'क्रीपशो' केला. पाच गोष्टी आणि त्यांना बांधणारी सहावी. याचं बजेट काही अगदी हातातोंडाशी गाठ असं नव्हतं, पण पुढच्या कित्येक फाटक्या खिशांच्या दिग्दर्शकांनी धडे गिरवले ते यावरूनच. पहिलीच गोष्ट बघा. एक खडूस म्हातारा फादर्स डेच्या दिवशी केकसाठी आरडाओरडा करत असतो, आणि त्याच्या छळाला कंटाळलेली मुलगी त्याला संपवते. काही वर्षांनी त्याच दिवशी तो कबरीतून उठतो. त्याला सूड हवा असेल असं आपल्याला वाटतं. त्याला अजूनही केकच हवा असतो. शेवटी तो स्वयंपाकघरातून येतो तेव्हा त्याच्या हातातल्या ताटात घरातल्याच एका बाईचं मुंडकं असतं, त्यावर आयसिंग आणि पेटलेल्या मेणबत्त्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडावर हात गेला, आणि त्या हातामागे मी हसत होतो. विनोद मुंडक्यात नाही. विनोद आहे तो हट्टात. मेला, सडला, अळ्या पडल्या, पण हट्ट काही सुटला नाही. असा माणूस प्रत्येकाने पाहिलेला असतो, म्हणून तर ते हसू इतकं आतून येतं.

मला जे म्हणायचंय ते हेच. रक्त खोटं दिसलं तरी चालतं, माणूस खोटा चालत नाही. रबराचा हात तुटताना शिवण दिसली तर प्रेक्षक दोन सेकंदांत माफ करतो. पण तो हात कोणाचा, त्या हाताने आधी काय केलं होतं, हे ठाऊक नसेल तर लाखाचा हात तुटूनही काही होत नाही.

आणि पैशाचं म्हणाल, तर छोटी गोष्ट ही गरीब दिग्दर्शकाला मिळालेली सगळ्यात मोठी सवलत आहे. दोन तासांच्या सिनेमात राक्षस लपवून लपवून किती लपवणार? वीस मिनिटांच्या गोष्टीत तो शेवटी एकदाच दाखवायचा असतो. म्हणजे मेकअपवाल्याची सगळी ताकद, सगळं लेटेक्स, सगळं रक्त त्या एका शॉटवर ओतता येतं. एक खोली, तीन माणसं, एक जमलेला शॉट. याच रोमेरोने १९६८ साली झोंबींवरचा आपला पहिला सिनेमा केला तो सव्वा लाख डॉलरच्या आत. कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चाललं. आजही ते बघताना कोणाला चॉकलेट आठवत नाही.

अर्थात नुसती चणचण म्हणजे कला नव्हे. २०१२ साली 'द एबीसीज ऑफ डेथ' आला. इंग्रजीची २६ अक्षरं, २६ छोट्या गोष्टी, प्रत्येकीला ५,००० डॉलर आणि दिग्दर्शकाला हवं ते करायची मोकळीक. कल्पना ऐकूनच मी वेडा झालो होतो. बघताना मात्र पुन्हा पुन्हा वाईट वाटलं. काही तुकडे झकास आहेत, पण बऱ्याच जणांनी मोकळीक म्हणजे ओंगळपणा एवढंच धरलंय. कोणाचा तरी जीव जातो, आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं आणि दिग्दर्शक आपण हसावं म्हणून वाट बघत उभा. तिथे काळा विनोद राहत नाही, नुसता छळ उरतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि या प्रकारावर प्रेम करणाऱ्यांनीच तो ठणकावून सांगायला हवा.

दुसरी एक तक्रार परीक्षणांबद्दल. "पाचपैकी दोन गोष्टी चांगल्या, बाकी सुमार" असं लिहून मोकळे होतात. अहो, मैफलीत आपण प्रत्येक चिजेला वेगळे गुण देतो का? तिसरी गोष्ट हलकी ठेवलेली असते कारण चौथीत तुमचं काळीज काढायचं असतं. क्रम हाच अर्धा सिनेमा आहे. ओटीटीवर लोक मधली गोष्ट पळवून पुढे जातात आणि मग म्हणतात, शेवट भिडला नाही. कसा भिडेल?

हे सगळं मी एवढ्या खात्रीने बोलतो त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या शॉर्टफिल्मचं रक्त माझ्याकडे होतं. कॉर्न सिरप, खाण्याचा लाल रंग आणि थोडी कोको पावडर. कोको नसेल तर ते सरबतासारखं गुलाबी दिसतं. जेवणाच्या टेबलावर बसून बढाया मारणाऱ्या एका माणसाचा गळा तारेने कापला जातो, असा शॉट होता. नटाच्या कॉलरमधून एक बारीक नळी काढली होती, आणि मी टेबलाखाली मोठी सिरिंज धरून बसलो होतो. तार ओढली, तो किंचाळला, मी जोर लावला. नळीत हवा अडकली होती. काहीच आलं नाही. त्याने गळ्याला हात लावला, तळहात समोर धरून पाहिला. स्वच्छ. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, आणि त्याच क्षणी रक्ताची चिळकांडी थेट समोरच्या ताटात.

सगळा सेट हसत सुटला. शर्ट दोनच होते, तेव्हा दुसरा घातला, नळी साफ केली आणि पुन्हा केलं. या वेळी रक्त अचूक वेळेवर आलं. शॉट अगदी निर्दोष झाला.

एडिटला बसल्यावर मित्राने दोन्ही टेक दहा-दहा वेळा पाहिले आणि पहिला ठेवला. मी भांडलो. तो म्हणाला, "थांब, लोकांना बघू दे."

चाळीसेक माणसांसमोर दाखवला. किंचाळीला शांतता होती. तो स्वच्छ तळहात दिसला तसं हसू फुटलं, आणि हसू ओठांवर असतानाच रक्त आलं. मी पडद्याकडे बघत नव्हतो, लोकांकडे बघत होतो. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हसता हसताच स्वतःचा गळा हाताने झाकून घेतला होता.