गांडुळांमुळे मुलांना जंत होत नाहीत

आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गांडूळ खताचा डबा घरात ठेवू नका. गांडुळांची अंडी हाताला चिकटून मुलांच्या पोटात जातात आणि जंत होतात. मुलांना दर महिन्याला जंताचं औषध द्या. डब्याला घाण वास येतो, रात्री गांडुळं घरभर फिरतात. मीठ टाकून ती मारा. खत करायचंच तर इंदूर पद्धतीनं करा. आणि नगर निगमची कचऱ्याची गाडी रोज येते, मग हा खटाटोप कशाला?’ राजेंद्रनगरच्या माझ्या आत्यानं हे वाचून चांगल्या चाललेल्या डब्यात मूठभर मीठ टाकलं. गांडूळ ओल्या त्वचेनं श्वास घेतं, मिठानं ते तडफडून मरतं. सगळा डबा गेला.

आधी जंतांचं बोलू. गांडूळ आणि पोटातला जंत हे प्राण्यांच्या दोन वेगळ्या संघांतले जीव आहेत. गांडुळाची अंडी ज्यात असतात ते कोश ओल्या काळोख्या थरात फुटतात. माणसाच्या आतड्यात गांडूळ जगूच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, की मातीतून पसरणारे जंत बाधित माणसाच्या विष्ठेतून मातीत येतात. तिथून न धुतलेली भाजी, दूषित पाणी, मातीचे हात यांवाटे ते पोटात जातात, आणि अंकुशकृमी नावाचे जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. दुधीच्या सालींच्या आणि मेथीच्या देठांच्या डब्यात माणसाची विष्ठा येणार कुठून? आणि दर महिन्याला औषध? मेसेज वाचून लेकरांना गोळ्या चारायच्या? राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल फुकट मिळतं. त्यापलीकडे काही द्यायचं तर डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. गांडुळांचा डबा तापत नाही, त्यामुळे रोगजंतू मरतीलच असं नाही. कुत्र्या-मांजराची विष्ठा त्यात कधीही टाकू नका, आणि खत हाताळल्यावर साबणानं हात धुवा. पण तो नियम कुंडीतल्या साध्या मातीलाही लागू आहे.

वास येतो तो उरलेली भाजी, दही, तेलकट पदार्थ टाकल्यानं, नाहीतर पाणी जास्त झाल्यानं. सुका पाला आणि वर्तमानपत्राचे तुकडे मिसळले की जातो. गांडुळं उजेडापासून पळतात. ती बाहेर येत असतील तर डबा फार ओला किंवा फार गरम झालाय. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा डबा सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाका.

इंदूर पद्धतीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. ब्रिटिश शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम करून १९३१ साली ती मांडली, आणि तीत गांडुळं सोडत नाहीत. पण त्यासाठी शेण, मोठा ढीग किंवा खड्डा लागतो, तो आतून तापावा लागतो, वरखाली करावा लागतो. फ्लॅटच्या गॅलरीत हे कुठे करणार? चार माणसांच्या घरातल्या सालींसाठी गांडुळांचा डबाच सोयीचा.

राहिली निगमची गाडी. तिच्यातून जाणाऱ्या ओल्या कचऱ्याचा देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस होतो, २०२२ पासून. सुरुवातीला त्याची क्षमता रोज ५५० टनांची होती. उत्तम काम आहे. उष्टं, हाडं, तेलकट खरकटं तिकडेच जाऊ दे. पण साली आणि देठ घरीच ठेवले, तर दोन-तीन महिन्यांत मोगऱ्याच्या कुंड्यांना पुरेल एवढं खत मिळतं आणि खताची पिशवी विकत आणावी लागत नाही.