रक्त तपासतात, मग फोन का नाही?

मोटार अपघाताच्या दाव्यांची कागदपत्रं वाचणं हे माझं रोजचं काम आहे. फिर्याद हातात घेतली की त्यातलं एक वाक्य मला न वाचताही सांगता येतं: 'आरोपीने त्याच्या ताब्यातील वाहन रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून...' ट्रक असो, कार असो की दुचाकी, वाक्य हेच. पण दुर्लक्ष झालं कशामुळे, हे त्यात नसतं. चालक फोनवर बोलत होता का, मेसेज वाचत होता का, मांडीवर ठेवलेल्या फोनवर काही बघत होता का, याबद्दल बहुतेक कागदांत एक ओळही सापडत नाही.

मग वरच्या पातळीवरचे आकडेही तसेच येतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातला अतिवेगाचा वाटा सुमारे ७० टक्के आहे आणि मोबाइलचा जेमतेम २ टक्के. कुठल्याही सिग्नलला उभं राहून आजूबाजूला बघा आणि हा आकडा पटतो का ते सांगा. मला पटत नाही. जे विचारलंच जात नाही, ते नोंदलं कसं जाणार?

अपघातानंतर चालकाला पोलीस सरकारी दवाखान्यात नेतात, दारू प्यायला आहे का हे बघायला रक्ताचा नमुना घेतात. योग्यच आहे. त्याच चालकाचा फोन मात्र त्याच्याच खिशात राहतो. दवाखान्याबाहेर बसून तो त्याच फोनवरून मालकाला, घरच्यांना, ओळखीच्या वकिलाला फोन लावत असतो. गुन्ह्याचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आरोपीच्या हातात राहू देणारी ही पद्धत बदलली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे आणि त्यासाठीच ही पोस्ट.

फोनचा धोका दारूइतका नसतो, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. मेसेज वाचायला पाच सेकंद धरा. तेवढ्या वेळात गाडी ११० मीटर गेली आणि चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर नव्हते. ब्रेक मारायचा विचार त्याच्या डोक्यात येणार तो त्यानंतर. गाडी थांबायला लागणारं अंतर आणखी वेगळं.

'मी ब्लूटूथवर बोलतो, हात मोकळे असतात' हे उत्तर मला सुशिक्षित माणसांकडून सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवर बोलणारे चालक आणि प्यायलेले चालक यांची सिम्युलेटरवर तुलना केली होती. २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. फोनवर बोलणारे ब्रेक उशिरा मारत होते आणि फोन हातात धरलेला असो की हँड्सफ्री, फारसा फरक पडत नव्हता. कारण गुंतलेलं असतं ते डोकं. डोळे समोर असतात, पण समोरचं माणूस दिसूनही ध्यानात येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघात होण्याची शक्यता साधारण चौपट असते. आपला कायदा हातात धरलेल्या फोनलाच पकडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने तो धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात धरला गेला. पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हँड्सफ्रीबद्दल हे कलम गप्प आहे. म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

घटनास्थळ पंचनाम्यात एक ओळ मी नेहमी शोधते. 'रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा दिसून येत नाहीत.' वाचणारे ती ओळ ओलांडून पुढे जातात. माझं बोट तिथे थांबतं. सरळ रस्ता, दिवसाचा उजेड, समोर रस्ता ओलांडणारा माणूस, आणि धडकेआधी ब्रेकची खूणच नाही. नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असते, त्यामुळे खुणा पुसट उमटतात किंवा उमटतच नाहीत, हे खरं. खूण नाही म्हणजे फोन होता, असं कुणीच म्हणू शकत नाही. पण अशा ठिकाणी 'हा माणूस बघत कुठे होता?' हा प्रश्न तपासात यायलाच हवा. वेगात असलेला माणूसही शेवटच्या क्षणी ब्रेकवर पाय देतो. ज्याने दिलाच नाही, त्याला समोरचं दिसलंच नसावं. आणि इतकं होऊनही कागदावर कारण लिहिलं जातं 'भरधाव वेग'.

फोन कागदावर आला नाही तर गेलेल्याच्या घरच्यांचं काय बिघडतं? पैशांतच सांगते, म्हणजे कळेल.

समजा ३४ वर्षांचा माणूस, स्वतःचा छोटा व्यवसाय, महिन्याला २०,००० उत्पन्न. घरी बायको, दोन मुलं, आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे, झाले २८,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं असतं, त्याला गुणक म्हणतात. या वयाला गुणक १६. झाले ४०,३२,०००. अंत्यविधीचा खर्च, सहवास गमावल्याची भरपाई वगैरे रकमा वेगळ्या.

आता विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, मयताचीही चूक होती, तोच अचानक आडवा आला. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. न्यायाधिकरणाने (म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाने) मयताची चूक २५ टक्के धरली तर त्या घरातून १०,०८,००० रुपये गेले. ज्याच्याबद्दल हे बोललं जातंय तो स्वतःची बाजू सांगायला हयात नाही. चालक तिथे उभा राहून सांगतो, 'मी नीट चालवत होतो.' या जागी कॉलच्या नोंदी समोर ठेवता आल्या आणि धडकेच्या वेळी चालकाचा फोन चालू होता हे दिसलं, तर 'अचानक आडवा आला' याला किती वजन राहील? न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं, ते पाहिलं जातं. म्हणूनच तिथे ही एक नोंद फार मोलाची आहे.

मात्र ही नोंद घरच्यांना मागून मिळत नाही. मोबाइल कंपनी ती पोलिसांना किंवा न्यायालयाला देते. दावा दाखल झाल्यावर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ती मागवता येते. कंपन्यांना हे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावं लागतं. पण त्यात साधे कॉल आणि एसएमएस दिसतात. व्हॉट्सअॅपवरचा कॉल, रील, चॅट यांतलं काही त्या यादीत येत नाही. ते फोनमध्येच असतं, म्हणून फोनच जप्त व्हायला हवा, तोही पहिल्याच दिवशी. दुकानांचे, पेट्रोल पंपांचे, टोलनाक्यांचे सीसीटीव्ही तर त्याहून घाईचे. जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं चढत राहतं. घरचे तेराव्यानंतर विचारायला जातात तोवर अनेक ठिकाणी फुटेज गेलेलं असतं.

फोन तपासणं म्हणजे खासगीपणावर घाला, असं मला काही वकील मित्र सांगतात. आक्षेप गंभीर आहे, मी तो उडवून लावत नाही. पण कुणाचे फोटो, कुणाशी काय बोलणं झालं, हे बघायची गरजच नाही. धडकेच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत फोन वापरात होता की नव्हता, एवढंच पाहायचं. नियमात तेवढीच मुभा द्या. रक्त काढतानाही आपण फक्त दारूच बघतो.

एक भीती मात्र घरच्यांनी मनातून काढून टाकावी. 'चालक फोनवर होता असं सिद्ध झालं तर विमा कंपनी हात वर करेल' असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवतं आणि ते स्वतःच हा मुद्दा दाबतात. तिसऱ्या पक्षाचे, म्हणजे त्या गाडीची धडक बसलेल्याचे, पैसे नाकारायला विमा कंपनीला कायद्याने मोजकीच कारणं दिली आहेत आणि चालक फोनवर बोलत होता हे त्यांत नाही. त्यामुळे हे लपवायचं काही कारणच नाही, उघड मांडा.

अपघातात स्वतः जखमी झालेल्यांना हेही सांगायला हवं: तुमच्या कानात इअरफोन होते, तुम्ही दुचाकीवर फोन मानेत धरला होता, तर तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो. भरपाईतून तुमच्या चुकीचा वाटा कापला जातो.

आणि जे गाडीत नसतात, त्यांचं काय? समोरचा चालवतोय हे माहीत असूनही 'कुठपर्यंत पोचलास?' असं तीनदा विचारणारे आपणच असतो. ड्रायव्हरने फोन उचलला नाही म्हणून त्याला झापणारे मालक मी पाहिले आहेत. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या फोनवर चालत्या गाडीत ऑर्डर वाजते, काही सेकंदांत बोट लावलं नाही तर ती दुसऱ्याकडे जाते. त्या मुलाला दंड करून आपण मोकळे होतो. चालत्या गाडीवर ऑर्डर पाठवणारी यंत्रणा उभी करणाऱ्याला कुणी विचारत नाही. गाडी हलत असताना ऑर्डर पाठवायचीच नाही, एवढं त्या अॅपला करता येतं. फोनला गाडीचा वेग कळतो. कंपन्यांनी ते करायला हवं, नाहीतर सरकारने करायला लावायला हवं.

आता ज्यांच्या घरी हे घडलं आहे त्यांच्यासाठी. उपचारांची सोय आधी. २०२५ मध्ये केंद्राने योजना अधिसूचित केली, नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत १.५ लाखांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. दाखल करतानाच विचारा. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० सरकारी योजनेतून मिळतात. गाडी सापडली तर दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. तो अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याची मुदत अपघातानंतर सहा महिन्यांची आहे. ती उलटली असेल तरी स्वतःच निकाल लावून घरी बसू नका, वकिलाला विचारा. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तुम्हाला त्याची प्रत मागता येते.

विमा कंपनीकडून लवकर एखादा प्रस्ताव येईल. चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख देणारं कलम १६४ आहे. काही घरांना तेच सोयीचं असतं. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. वरचा ४० लाखांचा हिशेब पुन्हा वाचा आणि मगच सही करा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटणाऱ्या माणसांबद्दल मी जपून बोलत नाही. पोस्टमॉर्टेम व्हायच्या आत जो 'साहेबांचं कार्ड' पुढे करतो, कोऱ्या वकालतनाम्यावर सह्या मागतो, 'फी काही नको, आलेल्या रकमेतले इतके टक्के' म्हणतो, त्याला परत पाठवा. भरपाईत टक्केवारी ठरवणं वकिलाला व्यवसायाच्या नियमांनीच मना आहे. फीची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईमाणसाला, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००. नवरा गेलेल्या किती बायकांना हे माहीतच नसतं! लोक अदालतीत तडजोड करताना मात्र नीट विचार करा, तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

ज्यांनी अपघात डोळ्यांनी पाहिला आणि चालकाच्या कानाला फोन पाहिला, त्यांनी पुढे यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ क (इंग्रजीत 134A) तुमच्या पाठीशी आहे. स्वतःहून साक्ष द्यायला तयार झालात तर जबाब तुमच्या सोयीच्या ठिकाणी आणि वेळी नोंदवायची तरतूद आहे.

आणि घरातल्या कुणीतरी, जो जरा सावरलेला असेल त्याने, पहिल्या दोन-तीन दिवसांतच पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज द्यावा. त्यात एवढंच लिहा: वाहनचालकाचा मोबाइल जप्त करून तपासावा, त्याच्या क्रमांकाचे अपघाताच्या वेळेचे कॉल आणि डेटाचे तपशील मोबाइल कंपनीकडून मागवावेत, आणि घटनास्थळाच्या आसपासचं सीसीटीव्ही चित्रीकरण पुसलं जाण्याआधी ताब्यात घ्यावं. अपघाताची तारीख, वेळ आणि गुन्हा नंबर घाला. दोन प्रती न्या. एकीवर पोच घ्या आणि शिक्का व तारीख नीट उमटली आहे ना, ते खुर्चीवरून उठायच्या आधी बघा. तपासात पुढे काहीच झालं नाही, तर न्यायाधिकरणासमोर दाखवायला तुमच्याकडे ती पोच असेल.