एक घासही न भरवता कुपोषण घटवण्याची कृती

मार्चअखेरच्या आढावा बैठकीत प्रश्न एकच असतो: कुपोषण किती टक्क्यांनी घटलं? पोरं काय खातात हे तिथं कोणी विचारत नाही, तेव्हा तुम्हीही ते मनाला लावून घेऊ नका. खाऊ घालून वजन वाढवायचं म्हटलं तर डाळ लागते, तेल लागतं, अंडी लागतात, जुलाब थांबावे लागतात, आईला मजुरीवरून दिवस मावळायच्या आत घरी यावं लागतं. आणि एवढं सगळं जमलं तरी दोन वर्षांचं निरोगी पोर महिन्याला वाढणार जेमतेम दोनशे ग्रॅम. मोजमाप नीट शिकून घेतलंत तर तेवढं काम एका दुपारी होतं.

आधी हिशेब समजून घ्या. अंगणवाडीत तीन आकडे भरायचे असतात: वय, वजन आणि उंची. त्यांच्या जोड्या लावून तीन निदानं निघतात. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर कमी वजन, वयाच्या मानाने उंची कमी असेल तर खुजेपणा, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर लुकडेपणा. निरोगी मुलांच्या मधल्या मापापासून पोर किती पायऱ्या खाली आहे ते ‘उणे’ आकड्याने सांगतात. लुकडेपणा उणे दोनच्या खाली गेला की मूल ‘मॅम’ (मध्यम तीव्र कुपोषित), उणे तीनच्या खाली गेलं की ‘सॅम’ (अति तीव्र कुपोषित). लाल, पिवळा, हिरवा रंग मोबाइलमधलं ॲप ठरवतं, त्याच्याशी वाद घालू नका. त्याला जे तीन आकडे लागतात ते तुमच्याच हातात आहेत.

या तिन्हींत सर्वांत पौष्टिक पदार्थ म्हणजे जन्मतारीख. ८.९ किलोचा मुलगा घ्या. तो २४ महिन्यांचा असेल तर त्याला किमान ९.७ किलो भरायला हवं, म्हणजे तो कमी वजनाचा. तोच १८ महिन्यांचा आहे असं लिहा. तिथली रेषा ८.८ वर आहे. पोर एका ओळीत हिरव्या पट्ट्यात. ना खर्च, ना भांडी घासायची कटकट. फक्त माता-बाल संरक्षण कार्ड घरीच विसरलंय असं लिहून ठेवा, कारण त्यावर खरी तारीख असते. सहा महिने अंगावर येत असतील तर दोन-तीन महिन्यांवर भागवा. काठावरची पोरं तेवढ्यानेही सुटतात. एक मात्र ध्यानात असू द्या: लुकडेपणाच्या हिशेबात वय येतच नाही, त्यामुळे सॅमच्या यादीवर या औषधाचा काही परिणाम होत नाही.

उंचीचं प्रकरण नाजूक आहे, आणि नवखे इथंच फसतात. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं, दोन वर्षांवरचं उभं करून. तेच मूल आडवं मोजलं तर उभ्यापेक्षा ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं. म्हणून अडीच वर्षांच्या मुलाला झोपवून मोजलं तर त्यातून ०.७ वजा करायचे, असा नियम आहे. तुम्ही वजा करू नका. खुजेपणा बसल्या जागी उतरेल. पण लगेच टाळ्या पिटू नका. उंची वाढली की त्या उंचीला शोभेल एवढं वजनही जास्त मागितलं जातं. ८० सेंटीमीटरच्या आसपास एका सेंटीमीटरमागे साधारण दोनशे ग्रॅम. खुजेपणातून सोडवलेलं पोर लुकडेपणात जाऊन पडतं. तेव्हा पट्टी हातात घेण्याआधी वरच्या साहेबांना विनम्रपणे विचारून घ्या की यंदा जिल्ह्याला कोणता निर्देशांक सुधारून हवाय. दोन्ही हवे असले तर उंचीच्या बरोबरीने वजनही वाढवावं लागेल, आणि ते पुढे येतंच.

योग्य पद्धत कशी असते हे माहीत असलं की ती टाळणं सोपं जातं, म्हणून सांगतो. इन्फँटोमीटरवर आडवं मोजायला दोन माणसं लागतात. एकीने डोकं धरायचं, टाळू डोक्याकडच्या फळीला टेकलेली, नजर थेट आढ्याकडे. दुसरीने दोन्ही गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना सपाट टेकवायची. मग मिलीमीटरपर्यंत वाचायचं. पोर या वेळी किंचाळत असतं, एक पाय आखडून घेतं, आणि आजी दारातून ओरडते, “अगं, त्याचा पाय मोडशील!” एकटी सेविका असेल, मदतनीस खिचडीकडे गेली असेल, तर फळी टाचेऐवजी पायाच्या बोटांना टेकते आणि पोर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरने उंच होतं. डोक्यावर बुचडा किंवा क्लिप असेल तर सोडायला सांगू नका. तेवढीच वाढ.

वजनाला लटकता काटा उत्तम. शून्याचा स्क्रू वर्षानुवर्षे कोणी फिरवलेला नसतो. झोळी अडकवल्यावर काटा पुन्हा शून्यावर आणायचा असतो. तो आणला नाही तर झोळीही मुलाच्या अंगी लागते. स्प्रिंग जुनी होऊन ढिली पडली की तेच वजन जास्त दाखवते, म्हणून जुना काटा बदलून मागू नका. किराणा दुकानातून पाच किलोचं माप आणून काटा तपासता येतो, पण उगाच दुकानदाराला कशाला त्रास? नवा डिजिटल काटा आलाच असेल तर त्यावर आधी आई उभी राहते, आकडा शून्य करतात आणि मग मूल तिच्या हातात देतात. शून्य झाल्यावर मुलाबरोबर तिच्या खांद्यावर पिशवीही द्यावी. स्वेटर, ओलं लंगोट, पायातले चांदीचे वाळे, कमरेचा करदोटा, गळ्यातला ताईत हे सगळं काढूनच वजन घ्यावं असं पुस्तक म्हणतं. पुस्तक लिहिणाऱ्याने थंडीतल्या सकाळी आठ वाजता पोराचं स्वेटर काढून पाहिलेलं नसावं.

काही मुलांचं वजन तर आपोआप चांगलं भरतं. पायांवर सूज असते त्यांचं. काट्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरला आणि खळगा तसाच राहिला तर ते मूल वजन काहीही असो, थेट सॅम. म्हणून अंगठा दाबूच नका. “गुटगुटीत आहे हो,” म्हणा आणि पुढचं नाव पुकारा.

दंडघेराची पट्टी अजून सोयीची. ११.५ सेंटीमीटरखाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सगळ्यांना हाच आकडा. डाव्या हाताच्या खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे खूण करून, हात सैल सोडून, पट्टी न आवळता मोजायचं. शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय की दंडघेर आणि उंचीनुसार वजन ही दोन मापं बऱ्याचदा वेगवेगळी मुलं पकडतात, म्हणून दोन्ही वापरावीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दंडघेराने कमी मुलं सापडतात. कोणतं माप वापरायचं ते तुम्हाला आता वेगळं सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. नुसता गलथानपणा करू नका. गलथान मोजमापाने कुपोषण लपतं असा पुष्कळांचा गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात ते वाढतं. समजा गावातल्या मुलांची सरासरी उणे एकवर आहे आणि पसारा, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप (प्रमाण विचलन), एकाचा आहे. मग उणे दोनखाली १६ टक्के मुलं येतात. सेविकेने कधी जास्त, कधी कमी असं अंदाजे लिहिलं आणि पसारा १.२ झाला, तर सरासरी तीच राहूनही उणे दोनखाली २० टक्के दिसतात. उणे तीनखालची तर २.३ वरून जवळपास पावणेपाचवर, म्हणजे दुप्पट! पोरं तीच, आणि तुम्ही कारणे दाखवा नोटिशीला उत्तर लिहीत बसलेले. चूक करायची तर नेमाने, एकाच दिशेने करावी.

आणि टेबलाशी बसून आकडे भरणार असाल तर शेवटच्या अंकाकडे लक्ष द्या. खऱ्या मापांत शेवटी ० ते ९ हे दहाही अंक साधारण सारखेच येतात. माणूस मनाने लिहितो तेव्हा निम्म्या ठिकाणी ० आणि ५ येतात आणि पुण्या-मुंबईतला कुणी संख्याशास्त्राचा पोरगा ते तीन मिनिटांत पकडतो. मधूनमधून ८.७, ९.३ लिहीत चला. दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅम वाढवू नका. खरं पोर जुलैत जुलाबाने तीनशे ग्रॅम घालवतं आणि सप्टेंबरात परत मिळवतं. पसारा ०.८ च्या खाली गेला तरी संशय येतो. सगळ्या गावातली पोरं एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसतात.

मोजायचा मुहूर्तही पाहावा. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, पाणी गढूळ असतं, आई लावणीला गेलेली असते. तेव्हा काट्याजवळ जाऊच नये. दिवाळीनंतर सुगीचे दाणे घरात आले की मोजावं. शिवाय तोवर मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबं कोयता घेऊन निघून गेलेली असतात आणि त्यांची पोरं कारखान्याच्या फडात. नाव या रजिस्टरात, पोर त्या उसात. टक्केवारी काढताना ‘वजन घेतलेल्या मुलांपैकी’ हे शब्द बारीक अक्षरात घाला. मूल ६० महिन्यांचं झालं की यादीतून जातं. त्याआधी गेलं तरी जातं. जगभरात पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या बालमृत्यूंच्या मुळाशी कुपोषण असतं, पण मृत्यूच्या कागदावर न्यूमोनिया लिहितात, जुलाब लिहितात, ताप लिहितात. भूक असं कोणी लिहीत नाही.

बैठकीत कोणी फारच अडवलं तर शेवटचा बाण काढा: आपली मुलं मुळातच लहान चणीची, विदेशी माप आपल्याला कसं चालेल? टाळ्या हमखास. जागतिक आरोग्य संघटनेचं २००६ चं माप पेलोटास, अक्रा, ओस्लो, मस्कत, डेव्हिस आणि आपली दिल्ली अशा सहा ठिकाणी सुमारे साडेआठ हजार मुलं मोजून बनलंय, हे सांगू नका. अंगावर दूध मिळालेली, आई सिगारेट न ओढणारी, खायला-प्यायला असलेल्या घरची ती मुलं होती. उंचीतल्या फरकापैकी देशादेशांतला वाटा ३ टक्के निघाला आणि एकाच ठिकाणच्या मुलामुलांतला ७० टक्के. दिल्लीचं पोर ओस्लोच्या पोरामागे फारसं पडलं नाही. तिथं प्रत्येक मूल दोघींनी एकमेकींचा आकडा न बघता मोजायचं आणि उंचीत ०.७ सेंटीमीटर किंवा वजनात १०० ग्रॅमपेक्षा जास्त तफावत आली की दोघींनी पुन्हा मोजायचं. त्यांच्यामागे खिचडी, लसीकरण, मतदारयादी आणि हळदीकुंकवाचे शासकीय फोटो नव्हते.

एवढं जपूनही एक धोका उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणवाले चार-पाच वर्षांनी येतात, आपला काटा आपणच घेऊन येतात आणि तुमचं रजिस्टर मागत नाहीत. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची लुकडी मुलं त्यांना २०१५-१६ ला २५.६ टक्के सापडली आणि २०१९-२१ ला पुन्हा २५.६. त्यातली तीव्र लुकडी ९.४ वरून १०.९ वर गेली. असा आकडा आला की सर्वेक्षणाची पद्धत सदोष आहे, असं पत्रक काढावं. पत्रकाचा मसुदा आधीच तयार ठेवा, ऐन वेळी घाई होते.

राहता राहिली आई. तिला उणे दोन, उणे तीन काही कळत नाही. तिने पोराच्या कमरेला बारशाला काळा करदोटा बांधलेला असतो. तो सैल होऊन खाली घसरायला लागला की ती गाठ एक बोट आत घेते. तिच्याकडे ना ॲप, ना पासवर्ड, आणि जन्मतारीख बदलून ती गाठ पुन्हा बाहेर सरकत नाही. त्यामुळे पुढच्या वजनाच्या दिवशी पुस्तकातला तो एक नियम मात्र काटेकोर पाळा. करदोटा कापून घ्यायला सांगा. तिने विचारलंच तर सांगा, वजन अचूक यायला हवं ना, बाई.