दहा गावांत सहाशे साक्षीदार

पीएच.डी. लवकर उरकायचीय ना? मग मराठवाड्यातली दहाच गावं धरा. पाच नाला खोलीकरण झालेली, पाच न झालेली. प्रत्येकी ६० घरं, प्रश्न एकच: उन्हाळ्यात बोअर आटला का, हो की नाही? झाले ६०० नमुने. अकराव्या गावाच्या फंदात पडू नका, डिझेल महाग आहे. शिवाय पारावर बसलं की बरेच फॉर्म तिथंच भरून होतात.

गावाखालचा काळा खडक एकच, त्यातल्या भेगा त्याच, पाऊस हुकला तर सगळ्या शिवाराचा हुकतो. विसाव्या घरापुढची उत्तरं तुम्ही उंबऱ्याबाहेरूनच लिहाल. एखादे आजोबा म्हणतीलही, "सायब, समद्यांचं पाणी येकच हाय, कितींदा इचारता?" हसा आणि पुढच्या दारात जा. आजोबांचा काही कोर्सवर्क झालेला नाही.

मग साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हो-नाही उत्तरांचं गणिती मॉडेल, चालवा. ते बिचारं ६०० जणांना एकमेकांचे अनोळखी समजतं. एखादा खडूस परीक्षक मात्र एकाच गावातल्या उत्तरांच्या सहसंबंधाचं, म्हणजे ती एकमेकांसारखी किती, हे विचारेल. तो समजा फक्त ०.२ आहे. तर नमुना इतक्या पटींनी आकसतो: १ + (६० − १) × ०.२ = १२.८. खोलीकरण गावाचं होतं, घराचं नव्हे, त्यामुळे ६०० भागिले १२.८ टळत नाही: उरतात जेमतेम ४७ स्वतंत्र उत्तरं. स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) साडेतीन पटींनी फुगतो आणि ०.००१ ची पी-व्हॅल्यू (परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगानं किमान एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.३६ वर जाऊन बसते. हे गणित घरीच करा, प्रबंधात नको.

फारच अडवलं तर लियांग आणि झेगर यांचं १९८६ चं जीईई (गटातल्या उत्तरांचा सहसंबंध हिशेबात धरणारी पद्धत) पुढे करा. सहसंबंधाची रचना चुकीची धरली तरी त्यातला स्टँडर्ड एररचा 'सँडविच' अंदाज सांभाळून घेतो, पण गट (इथं गावं) भरपूर असतील तर. दहाच गटांत तो बहुधा एरर कमी दाखवतो, म्हणजे तुमच्याच पक्षातला. त्यावरच्या दुरुस्त्या आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मॉडेलमध्ये गावागणिक रँडम इंटरसेप्ट, म्हणजे प्रत्येक गावाची वेगळी मूळ पातळी, घालूनही बघा. त्यातला ऑड्स रेशो (खोलीकरण झालेल्या आणि न झालेल्या गावांत बोअर आटण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर) सहसा जास्त दणदणीत येतो, कारण तो त्या-त्या गावापुरता बोलतो आणि जीईई सगळ्या गावांच्या सरासरीबद्दल. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आपला प्रश्न यातला नेमका कोणता, हे ठरवत बसू नका. मोठा आकडा गोषवाऱ्यात घाला.

आणि व्हायव्हात कुणी "गावं किती?" विचारलंच, तर ठसक्यात सांगा, "घरं सहाशे, सर!"