गल्ली एक, भूमिपूजनं तीन

राजकारणात करिअर करायचंय? मग आधी नाशिकमधली एक गल्ली बघून ठेवा. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठलीही चालेल. अट एकच, ती खराब असावी आणि खराबच राहावी. आमची घ्या हवी तर, फुकट.

सुरुवातीला 'भाऊ' किंवा 'आप्पा' व्हा. मग 'भावी नगरसेवक' म्हणून वाढदिवसाचा फ्लेक्स लावा, खाली पंधरावीस पोरांचे पासपोर्ट साइझ फोटो. फ्लेक्स ऐन वळणावर हवा, समोरून येणारी गाडी दिसता कामा नये.

दशक्रिया चुकवू नका. लग्नाला दांडी मारली तर लोक विसरतात, रामकुंडावर दिसला नाहीत तर पाच वर्षं ऐकवतात. तिथे माईकही आयता मिळतो, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो खोडून काढायला उठत नाही.

निवडून आलात की स्थायी समितीत शिरा, महापालिकेच्या खर्चाला मंजुरी तीच देते. 16 जणांची असते. पुढचं सांगायची गरज नाही, सुज्ञ आहात.

पक्ष वाऱ्याकडे बघून निवडा. याच शहरानं 2012 ला मनसेला 40 नगरसेवक आणि महापौर दिला, 2017 ला तोच पक्ष 5 वर आणून ठेवला आणि भाजपचे 66 निवडून दिले. तेव्हा एका झेंड्यात जीव अडकवू नका. पक्षांतरबंदीची भीती वाटते? खासदार-आमदारांसाठी 1985 चा आणि नगरसेवकांसाठी आपल्या राज्यात 1986 चा कायदा आहे खरा, पण तो पद काढून घेतो. पदच नसेल तर काय काढणार? मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होता. आमच्या भाऊंनी त्या काळात इतक्या उड्या मारल्या, की उपरणं कुठल्या रंगाचं घालायचं हे त्यांना सकाळी फोन करून विचारावं लागायचं. सगळं कायदेशीर.

आता मुख्य धडा, भूमिपूजन. आमच्या गल्लीच्या काँक्रिटीकरणाचं भूमिपूजन एकाच माणसानं तीनदा केलंय. पहिलं नगरसेवक निधीतून. दुसरं पक्ष बदलल्यावर, आमदारसाहेबांच्या प्रयत्नांतून. तिसरं गेल्या रविवारी, थेट केंद्राच्या योजनेतून. पहिल्या दोन कोनशिला अजून आहेत, एकीवर दूधवाला पिशव्या ठेवतो. रविवारी माझ्या फाटकाला टेकून मांडव घातला, स्कूटर बाहेर काढता येईना. फेटे झाले, मिसळ झाली, 2027 च्या सिंहस्थात नाशिक कसं जगाच्या नकाशावर जाणार यावर भाषण झालं. मग फोटोत कामाला सुरुवात दिसावी म्हणून जेसीबीवाल्याला 'मार रे एक' म्हणाले. त्यानं मारला. पाण्याची लाइन फुटली. कारंजं उडालं तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमातच आहे! जेसीबी गेला, मांडव गेला, भाऊ पुढच्या भूमिपूजनाला गेले. खड्डा राहिला. नळाला पाणी नाही. टँकर गल्लीत शिरत नाही, कारण मध्ये खड्डा. वरच्या मजल्यावरच्या आजी कळशी घेऊन जिना चढतात. फोन केला तर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. कसली मीटिंग? तर लोकसभेच्या तयारीची!

हो, पुढची पायरी दिल्लीच. चीनच्या युद्धात संरक्षण खात्याची जबाबदारी अंगावर घेतलेल्या यशवंतराव चव्हाणांना 1963 ला नाशिकनं बिनविरोध लोकसभेवर पाठवलं होतं. तुम्हाला युद्धबिद्ध लागत नाही, तिकीट लागतं. खासदार झालात की वर्षाला 5 कोटींचा निधी सुचवता येतो. म्हणजे आमच्या गल्लीचं चौथं भूमिपूजन नक्की.

छे, नाही जमत मला हे गोडगोड बोलणं. अहो भाऊ, जरा तरी लाज बाळगा. गंगापूर धरण शहराच्या उशाशी आहे, आणि तुमच्या एका फोटोपायी अख्खी गल्ली कोरडी पडलीय. ज्याला फोडलेला पाइप बुजवता येत नाही तो संसदेत जाऊन काय बोलणार? आणि शेजाऱ्यांनो, तुम्हीही दात काढू नका. मिसळीच्या रांगेत तुम्हीच होतात. पाणी उडत असताना सेल्फी काढणारे तुम्हीच, आणि आता सोसायटीच्या ग्रुपवर 'सिस्टीमच खराब आहे' लिहिणारेही तुम्हीच. त्याला फोन लावायला सांगितलं तर म्हणे 'कशाला वाईट व्हायचं?' अरे, आंघोळीला पाणी नाही, आणि तुम्हाला चांगलं राहायचंय? चला सगळे मिळून त्या संपर्क कार्यालयात. शटर बंद असेल तर घरी जाऊ, पत्ता फ्लेक्सवर आहेच.

आणि भाऊ, उद्या सकाळी माणूस पाठवा. फोटोग्राफर नको, प्लंबर.