पाद्री नवऱ्याचे, जाब बायकोला

मार्च २००८ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने शिकागोच्या ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे पाद्री रेव्हरंड जेरेमाया राइट यांच्या जुन्या प्रवचनांतले काही तुकडे दाखवले आणि बराक ओबामा यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीचे आता काय होणार, याची चर्चा जगभर सुरू झाली. त्या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातला एक भाग मात्र मला आजही खटकतो, आणि तो म्हणजे राइट यांच्या वक्तव्यांची जबाबदारी हळूहळू मिशेल ओबामा यांच्याकडे सरकवण्याची पद्धत.

प्रश्न विचारूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, अमेरिकेने जगात जे पेरले तेच तिच्याकडे परत आले, असे राइट व्यासपीठावरून म्हणाले होते. २००३ मध्ये त्यांनी देवाने अमेरिकेला आशीर्वाद नव्हे तर शाप द्यावा असे म्हटले, आणि एचआयव्हीचा विषाणू सरकारनेच निर्माण केल्याचा निराधार आरोपही ते करत असत. ज्या पाद्र्यांनी १९९२ मध्ये ओबामांचे लग्न लावले, दोन्ही मुलींचा बाप्तिस्मा केला आणि ज्यांच्या प्रवचनावरून ओबामांनी आपल्या पुस्तकाचे नाव घेतले, त्यांच्याबद्दल उमेदवाराला विचारणे रास्तच होते. वादग्रस्त ठरलेली ती वाक्ये आपण प्रत्यक्ष ऐकलीच नव्हती, हा ओबामांचा पहिला खुलासा मला तेव्हाही लंगडा वाटला होता; १८ मार्चच्या फिलाडेल्फियातील भाषणात त्यांनी वर्णभेदाचा प्रश्न मोकळेपणाने मांडला, म्हणून तो लंगडेपणा झाकला गेला इतकेच.

मिशेल यांच्याबाबतीत मात्र संशय आधीच तयार होता आणि राइट प्रकरणाने त्याला पुरावा मिळाल्याचा भास निर्माण झाला. फेब्रुवारीत मिलवॉकी येथे त्या म्हणाल्या होत्या की प्रौढ आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्या देशाचा खरोखर अभिमान वाटतो आहे. दुसऱ्याच दिवशी प्रतिस्पर्धी रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांच्या पत्नी सिंडी मॅकेन यांनी आपल्याला देशाचा अभिमान नेहमीच वाटत आल्याचे जाहीरपणे सांगितले. पाठोपाठ मिशेल यांनी १९८५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात लिहिलेला, तिथल्या कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांविषयीचा प्रबंध उकरून काढण्यात आला. मे महिन्यात ख्रिस्तोफर हिचेन्स यांच्यासारख्या नामवंत स्तंभलेखकाने ‘स्लेट’ या ऑनलाइन नियतकालिकात त्याच प्रबंधाचा आधार घेऊन, राइट यांच्याशी असलेल्या या नात्याचे मूळ पत्नीत तर नाही ना, असा प्रश्न उभा केला. इतका समंजस, मवाळ माणूस अशा पाद्र्याच्या नादी कसा लागला, याचे उत्तर त्यांना घरात सापडले.

आता कालक्रम पाहू. ओबामा १९८०च्या दशकात शिकागोच्या दक्षिण भागात चर्चच्या मदतीने वस्त्या संघटित करण्याचे काम करत होते आणि त्याच कामात ते राइट यांच्यापर्यंत पोहोचले, हे त्यांनी स्वतःच १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिले आहे. मिशेल रॉबिन्सन त्यांना भेटल्या १९८९ मध्ये, एका वकिली कचेरीत. म्हणजे पाद्री आधी आले आणि पत्नी नंतर. हा तपशील कोणालाही सहज मिळण्यासारखा होता, तरीही उलटी गोष्ट लोकांना पटली, कारण घरातला देवधर्म हे बाईचे खाते अशी समजूत शिकागोत काय किंवा साताऱ्यात काय, सारखीच पक्की आहे. आपल्याकडे एखाद्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर बाबा-महाराजांची ये-जा सुरू झाली की ‘वहिनीसाहेबांची फार श्रद्धा आहे’ असे कार्यकर्ते आपणहून सांगतात, आणि साहेब विज्ञाननिष्ठ राहतात!

मिशेल यांच्यासाठी यात वर्णाचाही भाग होता. रागीट कृष्णवर्णीय स्त्रीचा जुना साचा तयार होताच, त्यात त्यांना बसवणे सोपे होते. त्या स्वतः प्रचारसभा घेत होत्या, त्यामुळे त्यांच्या भाषणांवर टीका व्हायलाच हवी होती, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण भाषण त्यांचे आणि प्रवचन राइट यांचे, हा फरक का पुसला जावा? कीर्तनाला बसणारा प्रत्येक जण बुवांचे प्रत्येक वाक्य पदरात बांधून घरी नेत नाही. ट्रिनिटीचे सभासद हजारोंनी होते.

त्याच वर्षी जॉन मॅकेन यांनी टेक्सासचे पाद्री जॉन हेगी यांचा पाठिंबा आधी मिळवला आणि त्यांचे हिटलर व ज्यू यांच्याविषयीचे प्रवचन उघड झाल्यावर मे महिन्यात नाकारला. मॅकेन हेगी यांच्या चर्चचे सभासद नव्हते, त्यामुळे दोन्ही प्रकरणे अगदी सारखी नाहीत. तरीही हेगी यांच्याबद्दल सिंडी मॅकेन यांना जाब विचारावा असे कोणाला सुचल्याचे माझ्या वाचनात नाही.

एप्रिलच्या अखेरीस राइट यांनी वॉशिंग्टनमधल्या पत्रकारांसमोर तीच मते पुन्हा मांडल्यावर ओबामांनी त्यांच्याशी संबंध तोडले, आणि ३१ मे रोजी पती-पत्नींनी ट्रिनिटीचे सभासदत्व सोडल्याचे जाहीर झाले. बराक यांच्यापुरता वाद त्यानंतर बराच निवळला. मिशेल यांच्यामागे मात्र जूनमध्ये नवी अफवा लागली की ट्रिनिटीच्याच व्यासपीठावरून त्यांनी गोऱ्या लोकांसाठी अपशब्द वापरल्याची चित्रफीत अस्तित्वात आहे. ती खोडून काढण्यासाठी प्रचारयंत्रणेला वेगळे संकेतस्थळ उघडावे लागले. ती चित्रफीत कधीच पुढे आली नाही.