व्हिनेगर, हीटर आणि वॉर्निश: मिलवेलच्या नावाने फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

सध्या एक लांबलचक संदेश गटागटांतून फिरतो आहे. मथळा असा: ‘अमेरिकेतल्या चर्चने पुरात भिजलेली भित्तिचित्रं घरगुती उपायांनी पंधरा दिवसांत वाचवली, तज्ज्ञांवरचे लाखो रुपये वाचले.’ खाली सहा सूचना आहेत. पांढरी बुरशी व्हिनेगर-पाणी फवारून पुसा. हीटर आणि पंखे लावून भिंत दोन दिवसांत सुकवा. काजळी ब्रेडने काढा. वरून वॉर्निश किंवा पातळ केलेला पांढरा गोंद मारा. रंग उडाला असेल तिथे चांगल्या पेंटरकडून भरून घ्या. आणि या सगळ्याआधी छप्पर दुरुस्त करा. सोबत पेनसिल्व्हेनियातल्या मिलवेलच्या सेंट निकोलस चर्चचा फोटो.

माझ्या मावशीने हा संदेश मला पाठवला, तो ‘विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे’ असं लिहून. तिच्या कोकणातल्या गावी देवळाच्या सभामंडपात चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेली जुनी चित्रं आहेत आणि त्या भिंतींना ओल धरते आहे. छप्पर सोडलं तर यातली एकही सूचना त्या भिंतीवर अमलात येता कामा नये.

आधी मिलवेलबद्दल. पिट्सबर्गला लागून, अ‍ॅलेगेनी नदीकाठचं हे छोटं गाव. पोलादाच्या भट्ट्यांत आणि खाणींत राबायला क्रोएशियातून आलेल्या लोकांनी हे चर्च उभं केलं. पहिली वास्तू १९२१ मध्ये जळाली, आजची १९२२ ची. फादर अल्बर्ट झागर यांनी मॅक्सो व्हांका या झाग्रेबहून आलेल्या चित्रकाराला बोलावलं आणि त्याने १९३७ आणि १९४१ अशा दोन टप्प्यांत इथली २५ भित्तिचित्रं रंगवली. कारखान्यांच्या पार्श्वभूमीवर मुलाच्या कलेवराभोवती जमलेल्या आया आहेत. गॅस मास्क घातलेली अन्यायाची आकृती आहे, तिच्या हातातल्या तराजूत भाकरीपेक्षा सोनं जड भरतं. मजुरांनी आपल्या देवघरात आपलंच दुःख रंगवून घेतलं, असं उदाहरण फार विरळा सापडेल. त्याच्या नावावर व्हिनेगर खपवलं जातं याचा म्हणूनच जास्त राग येतो.

‘पुरात भिजलेली’ हे चूक आहे. २००४ मध्ये आयव्हन वादळाच्या पावसाने मिलवेल गाव पाण्याखाली गेलं होतं, पण हे चर्च टेकडीच्या उतारावर उंचावर आहे. इथलं पाणी वर्षानुवर्षं छतातून आणि बाहेरच्या भिंतींतून झिरपत आलं. त्याने गिलाव्यातले क्षार पृष्ठभागावर आणले, आणि वर कारखान्यांच्या नि मेणबत्त्यांच्या काजळीचा थर होताच. हा फरक तपशिलाचा वाटेल, पण इलाज त्याच्यावरच ठरतो. खालून चढणाऱ्या ओलीत क्षारांचा पट्टा जमिनीपासून ठरावीक उंचीवर दिसतो. वरून गळणाऱ्या पाण्यात तो डागाच्या कडेने, पाणी जिथे सुकलं तिथे दिसतो. ‘पंधरा दिवसांत’ हेही खोटं. ही चित्रं जपण्यासाठी १९९१ मध्ये स्वतंत्र संस्था निघाली आणि संवर्धकांचं काम एकेका चित्रापुढे मचाण बांधून अनेक वर्षं चालत आलं आहे.

आता व्हिनेगर. सगळ्यांत घातक सूचना हीच, आणि तीच पहिली लिहिली आहे.

भिंतीवरचा पांढरा थर बहुतेक वेळा बुरशी नसतो, ते क्षार असतात. ओळखायला सोपं आहे. मऊ ब्रशने थोडी पांढरी पूड काचेच्या पट्टीवर घ्यायची आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. मिठासारखे क्षार विरघळतात, बुरशीचे धागे तसेच राहतात. भिंगातून कण टोकदार, चमकदार दिसले तर क्षार. कण विरघळले नाहीत पण दिसतात स्फटिकासारखे, तर बहुधा जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, कारण ते एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. ही तपासणी काचेवर करायची, चित्रावर कधीच नाही.

चुन्याचा गिलावा म्हणजे रासायनिकदृष्ट्या कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल त्याला विरघळवतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि उरतं कॅल्शियम अ‍ॅसिटेट. हिशेब करून बघा. बाजारातल्या ५ टक्के व्हिनेगरच्या एका लिटरमध्ये सुमारे ५० ग्रॅम आम्ल असतं, ते सुमारे ४० ग्रॅम गिलावा खातं आणि त्याच्या जागी ६५ ग्रॅमच्या आसपास नवा, पाण्यात सहज विरघळणारा क्षार सोडतं. हा क्षार त्याच पाण्याबरोबर भिंतीत शिरतो. म्हणजे क्षार काढायला निघालेल्या माणसाने भिंतीला जास्तीचा क्षार पाजला, आणि तोही रंग ज्या थराला धरून आहे तोच थर पोखरून. अल्ट्रामरीन निळ्यासारखे रंग आम्लाने फिके पडतात, ते वेगळंच. पुसताना जो फडका पांढरा होतो त्यावर लोक खूश होतात. त्या पांढऱ्यात गिलावाही असतो.

मग खरे क्षार काढतात कसे? सुटी पूड आधी कोरडीच, मऊ ब्रशने झाडून, ब्रशशेजारी व्हॅक्यूमची नळी धरून. नळीच्या तोंडाला बारीक जाळी, म्हणजे रंगाचा पापुद्रा सुटलाच तर सापडतो. ओल्या स्पंजने पुसलं की तोच क्षार विरघळून पुन्हा आत जातो. पोपडे सुटलेले असतील तर त्यांना आधी जपानी टिशू (पातळ पण चिवट कागद) आणि पातळ मिथाइल सेल्युलोज (सौम्य खळ) लावून जागच्या जागी धरायचं. रंग पाण्याला टिकतो का ते कापसाच्या बोळ्याने कोपऱ्यात तपासायचं. ओल्या चुन्यावर रंगवलेलं चित्र बरंच सोसतं, पण वाळलेल्या गिलाव्यावर अंड्याच्या, डिंकाच्या किंवा सरसाच्या बंधकात, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थात, रंगवलेलं असेल तर पाणीच शत्रू असू शकतं. टिकत असेल तरच पोटीस: जपानी टिशूचा अस्तरथर, त्यावर सेल्युलोजच्या भुकटीचा शुद्ध केलेल्या पाण्यात कालवलेला लगदा, वजनाने एका भागाला साधारण चार-पाच भाग पाणी, जाडी एक ते दोन सेंटिमीटर. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्षार असतातच. लगदा सुकताना भिंतीतलं क्षारयुक्त पाणी स्वतःकडे ओढतो. काढल्यावर त्याचा ठरावीक वजनाचा तुकडा शुद्ध पाण्यात ढवळून विद्युतवाहकता मोजायची, क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आकडा उतरत गेला तर काम होतं आहे. उतरत नसेल तर पाणी अजून कुठून तरी येतं आहे, आणि पोटीस थांबवून छपरावर चढायला हवं.

रसायन वापरायचंच तर त्याचंही शास्त्र आहे. १९६६ च्या आर्नो नदीच्या पुरानंतर फ्लॉरेन्समध्ये अमोनियम कार्बोनेट आणि मग बेरियम हायड्रॉक्साइड अशी दोन टप्प्यांची पद्धत रुजली. ती जिप्सम झालेल्या चुन्याला पुन्हा घट्ट करते. पण तीही खऱ्या फ्रेस्कोसाठीच, म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवलेल्या चित्रांसाठी. सरसातल्या रंगाला ती मारक ठरू शकते. इतक्या अटी असलेल्या कामात ‘फवारा आणि पुसा’ हा सल्ला बेजबाबदार आहे.

‘हीटर आणि पंखे लावून दोन दिवसांत सुकवा.’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं म्हणून जास्त धोक्याचं. भिंत हळू सुकते तेव्हा पाणी पृष्ठभागापर्यंत येऊन उडतं आणि क्षार बाहेर, रंगावर जमतात. ते कुरूप दिसतात, पण झाडता येतात. गरम वारा मारला की पृष्ठभाग आधी कोरडा पडतो, बाष्पीभवन आत सरकतं, आणि क्षार रंगाच्या पाठीमागे जमून त्याला ढकलून पाडतात. सोडियम सल्फेट हा क्षार तर यात कुप्रसिद्ध आहे. सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या वर तो निर्जल रूपात असतो. रात्री भिंत गार झाली, हवा दमट झाली की तो पाणी घेऊन मिराबिलाइट या पाणीदार स्फटिकात बदलतो आणि त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. दिवसा हीटर, रात्री बंद: रंग पाडायची याहून खात्रीची रीत नाही.

साध्या मिठाचीही सीमा ठरलेली आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. कोकणात हे नीट लक्षात घ्या. पावसाळ्यात भिंतीवरचं पांढरं गायब झालं म्हणजे भिंत बरी झाली, असं समजून विश्वस्त निश्चिंत होतात आणि थंडीत तेच पुन्हा फुटतं. मीठ गेलेलं नसतं, विरघळून आत बसलेलं असतं. जाड भिंत सुकण्याचा जुना ठोकताळा महिन्याला साधारण २५ मिलिमीटर असा आहे. जांभ्याची ४५ सेंटिमीटरची भिंत म्हणजे दीड वर्ष, तेही पाणी थांबल्यापासून. शिवाय सुतारकामातलं टोचायचं ओलमापक यंत्र अशा भिंतीवर फसवतं. क्षार वीज वाहतात, त्यामुळे कोरडी भिंतही ओली दाखवली जाते.

ब्रेडबद्दल नाइलाजाने अर्धं मान्य करावं लागतं. ब्रेडच्या मऊ गराने चित्रं साफ करण्याची रीत युरोपात खरोखर होती, आणि कोरड्या पद्धतीने काजळी उचलावी हे त्यामागचं तत्त्व बरोबर आहे. पण भेगांत अडकलेला चुरा दमट भिंतीवर बुरशीला आणि मुंग्यांना खाद्य होतो. आज त्याजागी व्हल्कनाइज्ड रबराचा कोरडा स्पंज असतो: एकाच दिशेने हलका हात फिरवायचा, काळा झालेला पापुद्रा ब्लेडने कापून नवी बाजू काढायची, आणि पोपडे सुटलेल्या भागाला तो लावायचाच नाही.

वॉर्निशचा पुरावा आपल्या घरातच आहे. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राजवटीने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेले थर बसवण्याचं कामही केलं, पण चित्रांवर लाखेचं वॉर्निश दिलं. ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. पारंगत माणसांनी, चांगल्या हेतूने दिलेल्या थराची ही गत. ओल्या भिंतीवर वॉर्निश किंवा पांढऱ्या गोंदाचा थर म्हणजे पाण्याचा मार्ग बंद करणं. क्षार त्या थरामागे साठतात आणि शेवटी थर आणि चित्र दोन्ही एकत्र सुटून येतात.

पेंटरकडून रंग भरून घेण्याबद्दल एकच दाखला पुरे. इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये झिंबाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स इथे भित्तिचित्रांच्या संवर्धनाची तत्त्वं मंजूर केली. त्यांत स्पष्ट आहे: मूळ चित्रावर रंग चढवायचा नाही, हस्तक्षेप गरजेपुरताच, भरलेला भाग मुळापासून वेगळा ओळखू यावा आणि नंतर सहज काढता यावा. म्हणून संवर्धक उडालेल्या जागी चुना-वाळूचा गिलावा भरून, फक्त तेवढ्याच जागेत, जलरंगाच्या बारीक उभ्या रेघांनी रंग जुळवतात. लांबून चित्र सलग दिसतं, जवळून भर कळते. ऑइलपेंटचा डबा घेऊन आलेला माणूस कितीही हुशार असला तरी तो कडेच्या शाबूत चित्रावर जातोच, आणि तेलरंगाचा तो थर ओल कोंडतो. त्याच तत्त्वांत चित्र भिंतीवरून सोलून दुसरीकडे बसवणं हे अखेरचाच उपाय मानलं आहे. बैठकीत कुणी तेही सुचवेल, म्हणून सांगितलं.

छप्पर आधी दुरुस्त करा, हे मात्र शंभर टक्के बरोबर. फक्त दुरुस्ती करताना जुन्या चुन्याच्या दरजांत सिमेंट भरू नका. सिमेंटमधून पाणी बाहेर पडत नाही आणि त्यातूनही क्षार येतात.

‘तज्ज्ञांवरचे लाखो रुपये वाचले’ यात दडलेल्या, तज्ज्ञ पैसे खातात या आरोपाला फार वेळ देणार नाही. खर्च मचाणाचा आणि माणसांच्या तासांचा असतो. पोकळ झालेला गिलावा बोटाच्या पेराने हलकेच ठोकून शोधायचा, उडालेल्या जागेतूनच सुई घालून चुन्याचा पातळ गारा भरायचा, गादी लावलेल्या फळीने तो धरून ठेवायचा: एका चौरस मीटरला कित्येक दिवस लागू शकतात.

मावशीच्या बैठकीसाठी इतकंच. यंदा कौलं, पन्हळ आणि भिंतीलगतचा पाण्याचा उतार बघा. प्रत्येक चित्राचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढा आणि दर महिन्याला त्याच जागेवरून पुन्हा काढा. सभामंडपात तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारं साधं उपकरण लावा आणि रोज ठरावीक वेळी आकडा वहीत लिहा. खाली पडलेले रंगाचे पोपडे केराबरोबर टाकू नका. कागदाच्या पाकिटात, कुठल्या चित्राखाली कधी सापडले ते लिहून ठेवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे ही वही आणि फोटो घेऊन जा. उत्सवाआधी भिंती धुवायची पद्धत असेल तर यंदा चित्रांच्या भिंती त्यातून वगळा, आणि तसा ठराव नोंदवहीत लिहून घ्या, म्हणजे धुणाऱ्यांनाही तो दाखवता येईल.